मेहुण्याच्या गाडीचा शाफ्ट

विहिरींनी तळ दाखवला आणि माझं लेथ बंद पडल्यासारखं झालं. आमच्याकडे काम येतं ते शेतातल्या पंपांचं. पाणीच नाही तर पंप कोण चालवणार, आणि चालवलाच नाही तर बिघडणार कसा? त्या उन्हाळ्यात मी दुकान उघडायचो, लेथ पुसायचो आणि दाराशी बसायचो. वारा धूळ घेऊन यायचा. ती पुसलेल्या लेथवर बसायची. मी परत उठून पुसायचो.

दुकानामागे दोन खोल्या. एकीत चूल आणि भांडी, दुसरीत दोन खाटा. एक मामांची, एक माझी. मामा म्हणजे माझे सासरे. ही, म्हणजे माझी बायको, होती तेव्हा खाट मामांची एकटीच होती, आम्ही दोघं चुलीच्या खोलीत खाली निजायचो. थंडीत ही गेली. साधा ताप म्हणून झोपली होती. त्यानंतर मी माझी खाट मामांच्या शेजारी टाकली. रात्री त्यांना उठायचं झालं तर कळावं म्हणून.

दुकान मूळचं मामांचं. ते लोहार. मी आधी त्यांचा घण मारायचो, मग त्यांचा जावई झालो. लेथ मी आणलं. त्यांचा मुलगा, म्हणजे माझा मेहुणा, लहानपणीच शहराकडे गेला आणि पाव भाजायला शिकला. "आगीला भिऊन पळाला आणि भट्टीत जाऊन पडला," असं मामा सगळ्यांना सांगायचे.

तापलेलं लोखंड बघून बघून मामांचे डोळे गेले होते. उजेड आणि अंधार एवढं कळायचं. बाकी सगळं कानानं आणि बोटांनी. त्यांच्यापुढे पाणी ठेवताना ही भांडं जमिनीवर दोनदा टकटक करायची, म्हणजे त्यांना कळायचं भांडं कुठं आहे ते. ताटाचंही तसंच. ही गेल्यावर मी ते तसंच चालू ठेवलं. केरसुणी ही ज्या भिंतीला झटकायची त्याच भिंतीला मी झटकत होतो. निजताना ही कडी हलवून बघायची, मी पण हलवून बघायचो. म्हाताऱ्याला घरात काही बदललं असं वाटू नये, एवढंच माझ्या मनात होतं. टकटक केली की मामा हात पुढं करायचे. कधी हात मध्येच थांबायचा, मग पुढं यायचा. मी म्हणायचो, वय झालं.

एका सकाळी ट्रॅक्टरला दोरानं बांधलेली एक गाडी दुकानापुढं येऊन थांबली. गाडी जुनी, चौकोनी, मागची सीट काढून पावाच्या ट्रे ठेवायला जागा केलेली. आतून मेहुणा उतरला. घामानं भिजलेला, डोळ्यांच्या पापण्यांवर धूळ.

"दाजी, तुमच्या दारात येऊन मेली बघा."

"दारात कुठं? चढावर मेली. दारात मी ओढून आणली," ट्रॅक्टरवाला म्हणाला. "इंजिन बोंबलतंय, गाडी जागची हलत नाही. बैलाला झोप लागल्यासारखी."

मी दोघांना पाणी दिलं. मामा खाटेवरून उठून, भिंतीला हात लावत दुकानात आले. मेहुण्यानं त्यांच्या पायांना हात लावला.

"बारीक झालात, बाबा."

"तू जाड झालास. पाय धरायला वाकलास तर धापा टाकतोयस."

ट्रॅक्टरवाला हसला आणि दोर सोडून निघून गेला. मी मामांपुढं पाण्याचं भांडं ठेवलं, टकटक केली. ते पाणी प्यायले. मग मेहुण्यानं मनातलं एकदम ओतलं.

"बाबा, मी तुम्हाला न्यायला आलोय. ती होती तोवर मी काही बोललो नाही. आता दाजींनी एकट्यानं किती करायचं? आणि इथं प्यायला पाणी नाही धड. मुलगा असताना बाप इथं का, असं लोक मला विचारतात."

"लोक येऊन भांडी घासतात का आमची?" मी म्हणालो. मला तसं बोलायचं नव्हतं. तोंडातून गेलं.

"दाजी, रागावू नका."

"रागावत नाही. विचारतोय."

मामा रिकामं भांडं हातात फिरवत होते. "न्यायला आलास खरा. पण गाडी तर मेलीय तुझी."

"दाजी करतील की."

दोघांची तोंडं माझ्याकडं वळली. एकाला मी दिसत होतो, एकाला नव्हतो. ज्या गाडीतून माझ्या घरातलं शेवटचं माणूस जाणार होतं, ती मला दुरुस्त करायची होती. मी गोणपाट उचललं आणि गाडीखाली गेलो.

इंजिनाचं फिरणं मागच्या चाकांपर्यंत नेतो तो शाफ्ट. लांब पोकळ दांडा. दोन्ही टोकांना क्रॉसचे जोड, आणि मध्ये एक भाग दुसऱ्या भागात दातांनी बसलेला. गाडी खड्ड्यात वरखाली झाली की शाफ्टला थोडं लांब-आखूड होता यावं म्हणून तसं असतं. उघडण्याआधी मी दोन्ही भागांवर छिन्नीनं समोरासमोर खूण केली. परत जोडताना खुणेसमोर खूण यायला हवी. दोन टोकांचे जोड एका रेषेत आले नाहीत तर गाडी वेगात घुमायला लागते, थरथरते, आणि काही दिवसांत क्रॉस खाऊन टाकते. मग शाफ्ट काढून मी मामांच्या मांडीवर ठेवला.

मामांनी बोटं फिरवली. आतला भाग बाहेर ओढला, दातांवरून अंगठा नेला.

"हे दात नाहीत. हिरड्या आहेत."

"एवढं झिजलंय?" मेहुणा म्हणाला.

"पाववाल्या, यात तेल कधी घातलं होतंस?"

"यात घालतात?"

नळीवर बोटं नेत नेत मामा एका जागी थांबले. "इथं दगड लागलाय. नळी चेपलीय. आणि गंजानं पातळ झालीय. वाजवून बघ." मी पान्यानं वाजवलं. एका जागी आवाज खणखणीत, चेपल्या जागी बसका. "दात भरून घ्यायचे, नवे काढायचे. चेपलेल्या जागेवर जाड नळीचा तुकडा चढवायचा. क्रॉस दोन्ही नवे."

"बाबा, मी म्हणत होतो दोन टाके घालून..."

"शर्ट आहे का तो?"

"नवाच मिळत नाही का कुठं?"

"या गाडीचा?" मी म्हणालो. "ही बनवणारेही आता विसरले असतील."

मेहुण्यानं कपाळाला हात लावला. घरी बायको एकटी भट्टी सांभाळत होती. दुष्काळात तेरावा महिना, म्हणाला. मला मात्र आतून हलकं वाटलं. मामा एकेक दोष काढत होते ते मला ऐकू येत होतं, आणि मी म्हणत होतो, म्हाताऱ्याला जायचं नाही. तोंडानं सांगता येत नाही म्हणून शाफ्टमध्ये खोट काढतोय.

आमच्याकडे वीज सकाळी येते आणि ऊन डोक्यावर येण्याआधी जाते. दुसऱ्या दिवशी ती यायच्या आतच आम्ही शेगडी पेटवली. वेल्डिंग करण्याआधी असलं लोखंड तापवून घ्यावं लागतं, नाहीतर टाक्याच्या कडेला चीर पडते. मामा शेगडीला वारा घालणाऱ्या पंख्याचा दांडा फिरवायला बसले. हिच्या आजारपणापासून त्यांनी त्या दांड्याला हात लावला नव्हता. खांद्याची हाडं वरखाली होत होती. गंजी पाठीला चिकटली होती.

"रंग?"

"काळाच आहे."

"थुंक त्यावर."

मी थुंकलो. चर्र झालं आणि थुंकी उडून गेली.

"आता घे."

मी काच तोंडापुढं धरून दातांवर एकेक रेघ भरत गेलो. एक या बाजूला, एक समोरच्या बाजूला, म्हणजे दांडा वाकत नाही. धूर नाकात जात होता. मेहुणा दाराशी उभा राहून डोळे मिटून घेत होता. भरून झालं तेव्हा ते टोक किडलेल्या कणसासारखं गाठीगाठींचं दिसत होतं.

"फुगलंय बघ तुझ्या पावासारखं," मी मेहुण्याला म्हणालो.

"आमचा पाव एवढा वाईट नाही, दाजी." तो जवळ आला. "आता पाणी ओता की यावर. लवकर गार होईल."

मामा फिरले. "भट्टीतून काढलेला पाव पाण्यात बुडवतोस का?"

"नाही."

"मग?"

कोपऱ्यात लोखंडी पेटीत राख असते. ती शेगडीच्या कडेला ठेवून आधीच गरम केली होती. मी शाफ्टचं टोक तिच्यात पुरलं आणि वरून आणखी राख ओढली. हळूहळू गार होऊ द्यायचं. घाईनं गार झालेलं लोखंड दिसायला चांगलं दिसतं आणि भार आला की काचेसारखं जातं. उद्यापर्यंत त्याला हात लावायचा नव्हता. म्हणजे आजचा दिवस माझाच होता.

संध्याकाळी शेजारच्या गिरणीवाल्या काकू दुकानात आल्या. त्यांच्या गिरणीचा पट्टा मी नेहमी शिवून देतो. अंगावर पीठ, डोक्याला फडकं. मेहुणा बाहेर फोनवर बायकोशी बोलत होता, मामा आत पडले होते.

"नेतोय म्हणे म्हाताऱ्याला?"

"म्हणतोय."

"आणि तुम्ही गाडी करून देताय? बरे आहात. आपल्या पायावर आपणच धोंडा." त्यांनी आवाज खाली केला. "एखादा बोल्ट हरवा की."

"बोल्ट दुसरा मिळतो, काकू."

"मग न मिळणारं काहीतरी हरवा! एवढं लोखंडात आयुष्य गेलं आणि एक वस्तू हरवता येत नाही?" त्यांनी हातातला पिठाचा डबा खाली ठेवला. "म्हातारा गेला की घर खायला उठेल तुम्हाला. मी सांगते. आमचे गेले तेव्हा मी तीन वेळा जेवायचे आणि पोट भरायचं नाही."

मी हसलो, पण त्या हसल्या नाहीत. डबा उचलून गेल्या.

रात्री मेहुणा दोन खाटांच्या मध्ये खाली निजला. ही होती तेव्हा घरात तिघांचे श्वास असायचे. आज परत तिघांचे होते.

दुसऱ्या दिवशी राखेतून दांडा काढला. चीर नव्हती. वीज होती तोवर लेथवर धरून गाठी उतरवल्या, गोल केला. नवे दात काढायला माझ्याकडे यंत्र नाही. ते हातानं, कानशीनं. बाहेरच्या भागाच्या आतले दात अजून बरे होते, त्यांच्या मापानं एकेक खाच पाडायची. पाडायची, फडक्यानं पुसायची, खडू लावून बसवून बघायची, जिथं खडू पुसला जाईल तिथं परत कानस. यात दिवस जातात. मी ते जाऊ देत होतो. खरं सांगायचं तर कानस जेवढी चालू शकली असती तेवढी मी चालवत नव्हतो.

मेहुण्याला बसवत नव्हतं. त्यानं दुकान झाडलं, लोखंडाचा चुरा गोळा केला, लांबच्या हापशावरून डोक्यावर पाणी आणलं. बोटं सारखी हवेत पीठ मळल्यासारखी हलायची. भाजी एकदा त्यानं केली. माझ्यापेक्षा चांगली झाली. मामांनी दोनदा मागून घेतली, ते मी बघितलं.

"दाजी, किती राहिलं?" तो सकाळी विचारायचा.

"दात आहेत ते. लहान पोराचे सुद्धा एका दिवसात येत नाहीत."

"लहान पोराचे येताना तरी दिसतात," तो म्हणायचा आणि परत पाण्याला जायचा.

एका दुपारी तो हापशावर गेलेला असताना मामा दुकानात येऊन ऐरणीजवळच्या फळीवर बसले. मी कानस चालवत होतो. वीज गेलेली, बाहेर चिटपाखरू नाही. त्यांनी बराच वेळ ऐकलं.

"कानस हळू का चालतीय?"

"माप जाऊ नये म्हणून."

"मला शिकवतोस? माप जाऊ नये म्हणून हळू चालते तिचा आवाज वेगळा. ही आळसावून चालतीय."

मी कानस ठेवली. म्हटलं, आता बोलून टाकावं.

"मामा, तुम्हाला जायचं नसेल तर सरळ सांगू त्याला. तो वाईट नाही, ऐकेल. मला तुमचा काही त्रास नाही. कधी झाला नाही."

"जायचं नाही असं कोण म्हणालं?"

"तुम्ही हे एवढं काम काढलंत. नळी, क्रॉस..."

"नळी चेपलेली होती म्हणून नळी काढली. त्याच गाडीत मी बसणार. उतारावर शाफ्ट तुटून खाली रुतला तर गाडी उलटी होते, माहीत आहे ना तुला?" मग त्यांनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. "मी बोलावलंय त्याला. पोस्टमनच्या फोनवरून. तू पंप काढायला लांब गेला होतास त्या दिवशी."

मला पहिल्यांदा काय वाटलं सांगू? भाजीत मीठ जास्त पडलं असेल, अंघोळीला पाणी कमी पडलं असेल, असलं काहीतरी मी शोधत होतो.

"माझं काय चुकलं?"

"तुझं काही नाही."

"मग?"

बाहेर कुणाचं तरी वासरू ओरडलं. मग मामा म्हणाले, "तू भांडं ठेवतोस. दोनदा वाजवतोस. मला दिसत नाही, अरे. मला एवढंच कळतं की ती आली. दर वेळी मी तोंड उघडतो, 'बाळे' म्हणायला. मग मला तुझा वास येतो, तेलाचा. मग मला आठवतं. सकाळी एकदा, जेवताना एकदा, संध्याकाळी. तू केरसुणी झटकतोस तेव्हा. निजताना कडी हलवतोस तेव्हा. माणसाची मुलगी एकदा मरते. माझी रोज मरते, आणि दिवसातून किती वेळा."

मी तिथंच उभा होतो. हातात काहीच नव्हतं आणि हात कुठं ठेवावा ते कळत नव्हतं.

"मी तुमच्यासाठीच..."

"मला माहीत आहे. म्हणून तर तोंड उघडलं नाही."

"आजपासून नाही करणार. वेगळं करतो. हाताला धरून देतो भांडं."

"मग ते न वाजलेलं मला ऐकू येईल." त्यांनी मान हलवली. "त्याच्याकडे कसलाच आवाज तिचा नाही. ती कधी गेलीच नव्हती तिकडं. भट्टी, ट्रे, त्याच्या बायकोची बडबड. मला जाऊ दे."

मेहुणा खांद्यावर घागर घेऊन दारात आला. आम्हा दोघांना बघून थबकला. "काय झालं?"

"काही नाही," मामा म्हणाले. "कानस बोथट झालीय त्याची. नवी काढायला सांगतोय."

मी पेटीतून नवी कानस काढली.

त्यानंतर काम भराभर झालं. दात काढले. जाड नळीचा तुकडा उभा चिरून चेपल्या जागेवर चढवला, दोन्ही कडांनी टाका मारला, परत राखेत ठेवला. दांडा लेथवर फिरवून खडू धरला. जिथं खडू घासला तिथं वाक होता, तो तापवून काढला. परत फिरवला. शेवटी खडूची रेघ चारी बाजूंनी सारखी उमटली. बाजारातून आणलेले नवे क्रॉस दोन्ही टोकांना बसवले. मामांना मी काही विचारलं नाही आणि त्यांनी काही सांगितलं नाही. ज्याच्या अंगाखालून तो शाफ्ट फिरणार होता त्याचं वजन मला माहीत होतं. हिच्या आजारपणात ते एकदा अंगणात पडले होते, तेव्हा मी त्यांना उचलून आत आणलं होतं.

ताट मी त्यांच्यापुढं ठेवायचो आणि त्यांचा हात धरून कडेला लावायचो. टकटक करत नव्हतो. त्यांचा हात माझ्या हातात यायचा आणि जायचा. कुणीच काही बोलत नव्हतं. मेहुण्याला वाटलं आम्ही भांडलोय.

जोडायच्या दिवशी गाडीखाली शिरलो तेव्हा लक्षात आलं, दांड्यावरची खूण गेली होती. वेल्डिंगमध्येच भरली गेली असणार. बाहेरच्या भागावर खूण होती, तिच्यासमोर लावायला काहीच नव्हतं. मी डोळ्याच्या अंदाजानं दोन टोकं एका रेषेत धरली, दात आत ढकलले, बोल्ट आवळले. डोळ्यांत घाम जात होता. तसाच उठलो.

मामांचं सामान एका पिशवीत मावलं. "तुमचा हातोडा ठेवू का यात?" मी विचारलं.

"पाववाल्याकडे हातोडा कशाला? पाव एवढा कडक नसतो त्याचा."

"बाबा!" मेहुणा म्हणाला.

गिरणीवाल्या काकू दारात येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी मामांच्या खांद्यावर हात ठेवला, माझ्याकडं रागानं बघितलं आणि पिठाच्या हातानंच डोळे पुसले.

"चढापर्यंत येतो," मी मेहुण्याला म्हणालो. "भार पडला की कळेल कसा झालाय. माथ्यावर उतरेन."

मामा पुढं बसले. मी मागं, ट्रेच्या जागेत, पाने मांडीवर घेऊन. गाव संपलं. कोरड्या ओढ्यावरच्या पुलानंतर रस्ता सरळ होता, मेहुण्यानं वेग घेतला. आणि मला ते पायांखालून जाणवलं. आवाज म्हणण्याएवढा मोठा नव्हता. एक घुमणं. वेग वाढला की वाढायचं, कमी केला की विरायचं. एक दात चुकला होता.

मेहुणा खुशीत होता. "दाजी, लोण्यासारखी चालतेय की!"

मी मामांच्या मानेकडं बघितलं. खिडकी उघडी होती, वारा त्यांच्या कानांत जात होता. त्यांना ऐकू आलं असेल असं वाटलं नाही. गाडी आज पोचली असती. महिनाभरही चालली असती. मग क्रॉस गेला असता, आणि ही गाडी नीट करणारा दुसरा कोण होता? मेहुणा परत माझ्याच दारात आला असता. मामा म्हणाले असते, चल मीही येतो, एकदा घर बघून येऊ. एक वळण गेलं तोवर मी हे सगळं बघत होतो. खाटेवर बसलेले मामासुद्धा मला दिसले. दुसरं वळण आलं. पुढं चढ, आणि माथ्यापलीकडे तो लांब उतार.

"थांबव," मी म्हणालो.

"काय झालं?"

"थांबव रे. चुकलंय माझं."

मामांनी मान वळवली. "मी म्हणतच होतो, किती वेळ लावतोस."

त्यांना ऐकू आलं होतं. आधीपासून.

रस्त्याच्या कडेला एक वाळलेलं झाड होतं, त्याची सावली म्हणजे नुसत्या रेघा. मेहुण्यानं मामांना तिथं दगडावर बसवलं आणि चाकांना धोंडे लावले. मी धुळीत पाठीवर गाडीखाली गेलो. शाफ्ट तापला होता. पाने मी मामांच्या पायाशी पसरून ठेवले होते.

"मामा, मधला पाना."

त्यांनी बोटांनी चाचपून बरोबर तोच उचलला आणि आवाजाच्या दिशेनं पुढं केला. मी बोल्ट सैल केले. शाफ्ट खाली उतरवला, दात बाहेर ओढले, एक घर फिरवले. या वेळी डोळ्यांवर सोडलं नाही. सुतळीला नट बांधून लोंबता सोडला आणि दोन्ही टोकांच्या जोडांवर धरून बघितला. सुतळी दोन्हीकडे सारखी पडली. छिन्नीनं नवी खूण केली. मग बोल्ट आवळले, एकेक, सगळी ताकद लावून.

"मेहुण्या," मी गाडीखालूनच म्हणालो, "ही खूण बघून ठेव. कुणालाही उघडायला दिलीस तर आधी दाखव. आणि इथं तेल घाल. पावाला लोणी लावतोस तसं."

"घालीन, दाजी."

"दर महिन्याला."

"घालीन म्हटलं ना."

बाहेर आलो. पाठ, केस सगळं मातीचं. मामांनी हात पुढं केला तो माझ्या छातीला लागला. तिथली धूळ त्यांनी झटकली. मग दुसऱ्या हातानंही झटकली.

माथ्यापर्यंत गाडी एका दमात चढली. पायांखाली काही जाणवलं नाही. सपाटीवर मी उतरलो. मामांच्या खिडकीशी जाऊन उभा राहिलो.

"भाजी फार शिजवतोस तू," मामा म्हणाले. "गाळ होतो नुसता."

"हे आता सांगताय?"

"इथं राहत होतो तोवर कसं सांगणार? दुसरं कोण घालत होतं जेवायला?"

मेहुणा हसला. मी पण हसलो.

"फोन करेन," मी म्हणालो.

"कर. याच्या फोनवर कर. मला बटणं दिसत नाहीत. आणि नीट राहा."

गाडी निघाली. उताराला खूप वळणं आहेत. ती दिसायची, डोंगराआड जायची, परत लहान होऊन दिसायची. मी कान देऊन ऐकत होतो. इंजिन ऐकू येत होतं, चाकं ऐकू येत होती. शाफ्टचा आवाज कुठंच नव्हता. मग गाडीही दिसेनाशी झाली आणि वळणावरची धूळ खाली बसली.

मी पाने उचलले आणि परत फिरलो. भराभर चालायला लागलो. ही गेल्यापासून मी असाच चालतो. पंप काढायला गेलो, बाजाराला गेलो, की परतताना पाय आपोआप उचलतात. म्हातारा घरी एकटा असतो, पडला तर उचलायला कुणी नाही, उन्हात तहान लागली असेल. पुलाजवळ येईपर्यंत मी तसाच चाललो होतो. तिथं मला कळलं की घाई कशाचीच नाही.

मी चाल कमी केली. पण हळू चालायचं तर ते किती हळू, हेही मला ठरवता येईना. थोडा वेळ रस्त्यात नुसता उभा राहिलो. पाने जड लागत होते. मग एक पाऊल टाकलं, आणि त्याच्या पुढचं.